परमुलखातील बक्षिसी

परदेशी जावयास निघालेल्या माणसास घरची मंडळी नाना प्रकारचे उपदेश करीत असतात. पासपोर्ट कोठे जपून ठेवावा, लोकरीचे कपडे किती घ्यावे, भाजणी आणि मेतकूट सामानात कसे बसवावे, ह्याची चर्चा आठ-आठ दिवस चालते. परंतु ज्या एका प्रश्नापायी प्रवासी मनुष्य दिवसातून चार वेळा अवघडून जातो, त्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. तो प्रश्न बक्षिसीचा, म्हणजे ज्यास हल्ली सर्रास ‘टिप’ म्हणतात तिचा. जेवण झाले, बिल आले, वाढपी अदबीने बाजूस उभा राहिला. आता ह्यास काही द्यावयाचे की नाही? द्यावयाचे तर किती, आणि सर्वांदेखत की गुपचूप? न द्यावे तर कवडीचुंबक ठरू, द्यावे तर खुळ्यात जमा होऊ, अशा कात्रीत सापडून पुष्कळ भली माणसे शेवटी खिशात हात घालून सापडेल ते नाणे टेबलावर ठेवतात आणि चोरासारखी बाहेर पडतात.

हा विषय दिसतो तितका क्षुल्लक नाही. परक्या मुलखात ज्यांच्याशी आपला प्रत्यक्ष संबंध येतो, ते तेथील मुत्सद्दी, कवी किंवा प्राध्यापक नव्हेत. ते असतात वाढपी, हमाल, मोटारवाले आणि खोल्या आवरणाऱ्या बाया. आपण त्यांच्याशी कसे वागतो ह्यावरून आपल्या देशाची परीक्षा होते, आणि ते आपल्याशी कसे वागले ह्यावरून आपण त्यांच्या देशाची परीक्षा करून घरी परततो. म्हणून ह्या लेखात युरोपातील एका शहराचे उदाहरण घेऊन बक्षिसीचा थोडा साधकबाधक विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

कोल्हापूरकरांचे फ्लॉरेन्स

उदाहरणादाखल आम्ही इटलीतील फ्लॉरेन्स हे शहर घेतले आहे, ह्याचे कारण कोल्हापूरच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. करवीरचे छत्रपती राजाराम महाराज १८६६ साली गादीवर आले आणि १८७० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, विलायतेच्या प्रवासास गेले. परतीच्या वाटेवर प्रकृती बिघडून त्याच वर्षी ३० नोव्हेंबर रोजी फ्लॉरेन्स मुक्कामी त्यांचे देहावसान झाले. त्या काळी फ्लॉरेन्स ही इटलीच्या नव्या राज्याची राजधानी होती. ख्रिस्ती मुलखात प्रेत जाळण्याची चाल नव्हती. तथापि शहराच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली, आणि आर्नो व मुन्योने ह्या नद्यांच्या संगमावर, कास्चिने नामक विस्तीर्ण उद्यानाच्या पश्चिम टोकास, महाराजांचे दहन हिंदू रीतीने झाले. १८७४ साली त्या जागी छत्री उभी राहिली. तिची योजना मेजर चार्ल्स मँट ह्यांची. हेच मँट पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे शिल्पी झाले. छत्रीखालील महाराजांचा अर्धपुतळा फुलर नामक इंग्रज मूर्तिकाराने घडविला. महाराजांच्या ह्या प्रवासाची रोजनिशी कॅप्टन वेस्ट ह्यांनी १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली. छत्रीजवळून नदी ओलांडणारा १९७८ सालचा मोठा पूलही तेथे ‘इंडियानो’ म्हणजे ‘हिंदी माणसाचा’ ह्याच नावाने ओळखला जातो.

कोल्हापुरातून यात्रा कंपन्यांबरोबर म्हणा, परदेशी असलेल्या मुलालेकींच्या आग्रहावरून म्हणा, इटलीस जाणारी कुटुंबे आता पुष्कळ आहेत. त्यांपैकी कित्येक वाट वाकडी करून त्या छत्रीपाशी जातात. परक्या धर्माच्या परक्या राजास त्याच्या रीतीप्रमाणे अखेरचा निरोप देऊ द्यावा, हे जे सौजन्य त्या शहराने दाखविले, त्याची किंमत कोणत्याही बिलात मांडलेली नव्हती. तेव्हा त्या शहरी जाणाऱ्या कोल्हापूरकराने निदान तेथील रीतभात जाणून घेऊन जावे, ही अपेक्षा गैर नव्हे.

मोल, मान आणि खुशी

बक्षिसी ही काही पाश्चात्त्यांची मिरासदारी नाही. देण्याघेण्याच्या बाबतीत मराठी भाषा जितकी संपन्न आहे तितक्या भाषा थोड्याच असतील. पुरोहितास आपण देतो ती दक्षिणा, विद्वानास देतो ती संभावना, कीर्तनकारास आणि गवयास देतो ती बिदागी. बहीण ओवाळते तेव्हा घालावयाची ती ओवाळणी. दिवाळीस पोस्टमन, भंगी, रखवालदार ह्यांना द्यावयाची ती पोस्त. खासबागच्या मैदानात कुस्ती चितपट झाली की पैलवानास मिळते ते इनाम. अडलेले काम पुढे सरकावे म्हणून कारकुनाच्या हातात सरकवितात ती चिरीमिरी. आणि तमाशाच्या फडात नाचीवर उधळतात ती दौलतजादा. खुद्द ‘बक्षीस’ हा शब्द फारशीतून आपणांकडे आला. युरोपीय लोकांनी तो पूर्वेकडच्या प्रवासात उचलला आणि आपल्या कोशांत टिपेच्या अर्थाने दाखल केला. आपल्याकडे मात्र शाळेत पहिला आलेल्या मुलासही बक्षीसच मिळते.

एवढे शब्द निर्माण झाले ते उगीच नव्हे. ह्या प्रत्येकात तीन गोष्टींचे मिश्रण निरनिराळ्या प्रमाणात आहे : मोल, मान आणि खुशी. दक्षिणेत मोलापेक्षा मान अधिक. म्हणूनच ती पाटावर ठेवून, वर तुळशीपत्र घालून द्यावयाची. इनामात खुशी अधिक. दौलतजाद्यात मोल थोडे, मान मुळीच नाही, आणि खुशी आहे ती फक्त देणाराची. ही तीन वेगळी ओळखता आली की परदेशातील बक्षिसीचे कोडे निम्मे उलगडले असे समजावे. कारण प्रत्येक देशात प्रश्न एकच असतो : ह्या माणसाच्या श्रमाचे मोल बिलात आले आहे की नाही? आले असेल तर आपण देतो ती निव्वळ खुशी. आले नसेल तर आपण देतो ते त्याचे हक्काचे मोल, आणि मग तेथे हात आखडणे म्हणजे मजुरी बुडविणे होय.

फ्रेंच लोक टिपेस ‘पूरब्वार’ म्हणतात, जर्मन ‘ट्रिंकगेल्ड’ म्हणतात. दोहोंचा अर्थ ‘पिण्यासाठी’ दिलेले पैसे. आपला ‘चहापाणी’ हा शब्द ह्याचाच सोज्ज्वळ भाऊ. इटालियन शब्द मात्र निराळा आहे : ‘मांचा’. त्याचे मूळ फ्रेंच भाषेतील ‘बाही’ ह्या अर्थाच्या शब्दात आहे असे कोशकार सांगतात. मध्ययुगात सरदार झुंजीस उतरला की एखादी कुलस्त्री आपल्या पोशाखाची बाही त्यास प्रसाद म्हणून देई. त्या प्रसादावरून हा शब्द आला म्हणे. म्हणजे इटालियन बक्षिसीच्या मुळाशी मोल नसून कौतुक आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण फ्लॉरेन्समधील आजची रीतही तिच्याशी जुळते.

अमेरिकेचा दंडक इटलीत नको

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी कोणी ना कोणी अमेरिकेत असते. तेथे उपाहारगृहात बिलावर शेकडा १५ ते २० बक्षिसी द्यावी लागते, हे आता आजीबाईंसही ठाऊक झाले आहे. त्याचे कारण असे की, तेथील संघराज्याच्या कायद्याप्रमाणे ज्यांना बक्षिसी मिळते अशा नोकरांस मालकाने पदरचा द्यावयाचा किमान पगार तासास अवघा २ डॉलर १३ सेंट असून हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. कित्येक राज्यांनी तो आपापल्यापुरता वाढविला आहे. पण सामान्यतः तेथील वाढप्याचे पोट गिऱ्हाइकाच्या बक्षिसीवर चालते. तेथे बक्षिसी नाकारणे ही काटकसर नव्हे.

इटलीतील व्यवस्था ह्याच्या उलट आहे. तेथे हॉटेलांतील व उपाहारगृहांतील नोकरांचे पगार मालकांचे संघ आणि कामगारांचे संघ ह्यांच्या राष्ट्रीय करारांनी ठरतात. रजा आणि आजारपणाची सोय त्यांत असते. वर्षाअखेर तेरावा पगारही असतो. पगार भरघोस असतात असे नव्हे, परंतु वाढपी पोटासाठी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहत उभा नसतो. खुद्द इटालियन लोक बहुधा काही ठेवीत नाहीत, किंवा उरलेली मोड ठेवून उठतात. अशा ठिकाणी अमेरिकेहून आलेला आपला चिरंजीव बिलावर शेकडा वीस चढवून देऊ लागला, तर वाढपी घेईल आणि हसून आभारही मानील. पण ती कोणाच्या हक्काची रक्कम नव्हे, एवढे ओळखून द्यावी. उलट, ‘तिकडे टिप द्यावयाची नसते’ असे ऐकून आलेले काकासाहेब लंडनमध्येही तोच नियम लावतील तर पंचाईत होईल, कारण तेथे पुष्कळ ठिकाणी बिलातच शेकडा साडेबारा जमा केलेले असतात. अशी रक्कम मालकाने नोकरांपर्यंत पोहोचविलीच पाहिजे, असा कायदाही ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आला आहे. जसा देश तसा वेष, आणि तशीच बक्षिसी.

जेवणाच्या टेबलावर

फ्लॉरेन्समध्ये बिल हातात आले की प्रथम दोन शब्द शोधावे. पहिला ‘कोपेर्तो’. ही पानामागे आकारलेली रक्कम. म्हणजे तुम्ही मांडी घालून, छे, खुर्चीत बसलात, तुमच्यापुढे पाव आणि हातपुसणे आले, त्याबद्दल दर माणशी साधारणपणे २ ते ४ युरो. हल्ली एका युरोस शंभराच्या आसपास रुपये पडतात. दहा माणसांचे एकत्र कुटुंब तीन पिझ्झे मागवून वाटून खाऊ लागले तरी कोपेर्तो दहांचा लागतो, आणि मग ‘आम्ही पावास हातसुद्धा लावला नाही’ म्हणून वाद घालणारी मंडळी दिसतात. हा वाद व्यर्थ आहे. कोपेर्तोचा आकार खाद्यपदार्थांच्या यादीवर छापलेला असतो; बसण्यापूर्वी तो वाचावा आणि पटत नसेल तर उठावे. हा पैसा मालकाचा, वाढप्याचा नव्हे. म्हणून ती बक्षिसीही नव्हे. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, तस्कनी प्रांतातील जुन्या रीतीच्या पावात मीठ मुळीच नसते. परंतु मीठ खाल्ले नाही म्हणून मिठास जागावयाचे कारण नाही, असा सोयीस्कर अर्थ कोणी काढू नये!

दुसरा शब्द ‘सेर्वित्सियो’, म्हणजे सेवेचा आकार. प्रवाशांची गर्दी असते अशा जागी कधी कधी शेकडा १० ते १५ ह्या नावाखाली लावलेले असतात. असे असेल तर बक्षिसी दिली गेली. आणखी देण्याचे कारण नाही. दोहोंपैकी दुसरा शब्द बिलात नसेल आणि जेवण मनासारखे झाले असेल, तर लहान कुटुंबाने एक-दोन युरो, मोठ्या पंगतीने पाच ते दहा युरो ठेवणे हे सभ्यपणाचे लक्षण मानले जाते. बिल ४७ झाले तर ५० देऊन ‘राहू द्या’ म्हणावे. येथे एक गमतीचा भेद आहे. आपण पूर्ण रकमेवर एक रुपया चढवून अकरा, एकवीस, एकशे एक असे देतो, म्हणजे व्यवहार संपला असे वाटू नये. तिकडचे लोक अपुरी रक्कम पूर्ण करून देतात, म्हणजे व्यवहार गोडीने संपावा. दोन्हींमागील भाव चांगलाच आहे.

मात्र आपल्या मंडळींनी एका गोष्टीचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. आमच्या बहुतेक घरांतील वडील माणसे परदेशी गेली तरी आपला आहार सोडीत नाहीत, आणि सोडू नये. परंतु मग कांदा-लसूण नको, अंडे तर नकोच, मांसाचा रस्सा ज्या भांड्यात शिजला त्या भांड्यातील पळी नको, आजींसाठी गरम पाणी हवे, एका पदार्थाच्या चार थाळ्या करून हव्या, अशा एक ना दोन सूचना होतात. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या समजावून घेऊन वाढपी आत-बाहेर खेपा घालतो. हे काम त्याच्या पगारात धरलेले नाही. ज्या दिवशी त्याने असे कष्ट घेतले त्या दिवशी खुशी मोकळ्या हाताने द्यावी. तेथे दोन युरोंचे दोनशे रुपये करून पाहू नये. ज्याने रुपयाचा गुणाकार मनात सुरू ठेवला त्याच्या घशाखाली परदेशातील घाससुद्धा उतरत नाही.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे जेवण संपते न संपते तोच बडीशेप आणि बिल दोन्ही हजर होतात. इटलीत मागितल्याखेरीज बिल आणणे हा पाहुण्यास ‘ऊठ’ म्हणण्यासारखा उद्धटपणा समजतात. त्यामुळे वाढपी फिरकत नाही म्हणजे बक्षिसीसाठी अडून बसला आहे, असा तर्क करून मुलांवर डोळे वटारू नयेत. ‘इल कोंतो, पेर फावोरे’ एवढे म्हणावे, बिल येते. पैसे कार्डाने दिले तर त्या यंत्रावर बक्षिसीची रक्कम लिहावयास बहुधा जागा नसते. सबब थोडी सुटी नाणी प्रत्येकाने जवळ बाळगावी.

कॉफीची गोष्ट निराळी. तेथील ‘बार’ म्हणजे दारूचा गुत्ता नव्हे, आपल्याकडच्या चहाच्या हॉटेलासारखी ती जागा असते. फळीपाशी उभे राहून कॉफी घेतली तर एक दर, आणि तीच कॉफी मोठ्या चौकात खुर्ची टाकून घेतली तर त्याच्या दुप्पट-तिप्पट, किंबहुना अधिक. ही फसवणूक नव्हे. बसण्याचे आणि देखाव्याचे ते भाडे आहे, आणि दरपत्रक लावलेले असते. पुष्कळ ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यावयाची आणि ती फळीवर दाखवावयाची. काही गिऱ्हाइके पावतीबरोबर दहा-वीस सेंटांचे नाणे ठेवतात. ठेवले तर छान, न ठेवले तर कोणी वाईट मानीत नाही.

मुक्कामी आणि वाटेत

हॉटेलात सामान वर नेणाऱ्यास दर डागामागे एखादा युरो द्यावा. खोली आवरणाऱ्या बाईस बहुतेक प्रवासी विसरतात, कारण ती दृष्टीस पडत नाही. आम्हांस तर वाटते की साऱ्या प्रवासात पहिली आठवण तिचीच झाली पाहिजे. खोलीतच विजेच्या शेगडीवर खिचडी शिजविणारी, न्हाणीघरात धुणी वाळत घालणारी आणि सांडलेल्या चटणीचे डाग चादरीवर सोडून जाणारी मंडळी आपल्यातच असतात. दररोज एखादा युरो उशीपाशी, ‘ग्रात्सिये’ म्हणजे ‘आभारी आहे’ असे लिहिलेल्या चिठीवर ठेवावा. नुसते नाणे ठेवले तर ते कोणी विसरले असेल म्हणून ती उचलणारही नाही. शेवटच्या दिवशी एकदम ठेवण्यापेक्षा रोज ठेवणे बरे, कारण रोज काम करणारी बाई एकच असेल असा नेम नाही. हॉटेलचे बिल चुकते करताना दर माणशी दर रात्रीस एक नगरकर वेगळा मागतात. फ्लॉरेन्सने तो २०११ पासून बसविला असून हॉटेलच्या दर्जाप्रमाणे तो कमी-अधिक असतो. मोठ्या कुटुंबाचा हा आकडा बराच होतो. तो सरकारचा पैसा आहे, हॉटेलवाल्याची लबाडी नव्हे.

टॅक्सी मीटरप्रमाणे चालते. रात्रीचा, सणावाराचा किंवा सामानाचा जादा आकार अधिकृत दरपत्रकातच असतो. वर काही देण्याची अपेक्षा नसते. पुरत्या आकड्यापर्यंत रक्कम करून दिली की झाले. वाटाड्याची फी ठरलेली असेल तर बक्षिसी मर्जीची. परंतु ‘फुकट नगरदर्शन’ अशी जाहिरात करून जे तरुण-तरुणी दोन-दोन तास शहर दाखवितात, त्यांचे उत्पन्न म्हणजे अखेरीस मिळणारी बक्षिसीच. तेथे ‘फुकट’ ह्या शब्दास भुलून शेवटच्या वळणावर हळूच पाय काढणे हे सभ्य माणसास शोभत नाही; दर माणशी दहाएक युरो द्यावे. सार्वजनिक शौचकूपात युरोभर पडतो; त्यास इलाज नाही. यात्रा कंपनीबरोबर गेलेल्यांनी निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे की मोटार हाकणाऱ्याची आणि वाटाड्यांची बक्षिसी सहलीच्या पैशांत धरली आहे काय. धरली असेल तर पुन्हा वर्गणी काढण्याचे कारण नाही.

एक मात्र कटाक्षाने टाळावे. उफ्फित्सी संग्रहालयासारख्या ठिकाणी रांग लांबलचक असते. तेथील पहारेकऱ्यास नोट दाखवून पुढे सरकण्याचा प्रयत्न कोणी करू नये. काम झाल्यावर संतोषाने दिली ती बक्षिसी. दुसऱ्याची पाळी मारण्यासाठी दिली ती चिरीमिरी. घरी अंगवळणी पडलेली गोष्ट परदेशी नेऊन देशाचे नाव घालविण्यापेक्षा तिकिटाची नोंदणी आगाऊ करावी.

पूर्वीच्या प्रवाशांनाही ह्या बाबतीत मार्गदर्शनाची गरज वाटे. एकोणिसाव्या शतकात कार्ल बेडेकर नावाच्या जर्मन प्रकाशकाने युरोपच्या प्रवासाची जी लाल पुस्तके काढली (नावावरून त्यास कोणी कोकणस्थ समजू नये!), त्यांत बक्षिसीवरही सूचना असत. प्रश्न तेव्हाचाच आहे. नवे एवढेच की, जे पूर्वी नोकर आणि गिऱ्हाईक ह्यांच्यामधील गुपित होते, त्याची दखल आता कायदाही घेऊ लागला आहे. इटलीत २०२३ पासून हॉटेले व उपाहारगृहे ह्यांतील ठरावीक मर्यादेतील उत्पन्नाच्या नोकरांस मिळणाऱ्या बक्षिसीवर शेकडा ५ असा सवलतीचा कर आहे. आपल्या देशातही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये, उपाहारगृहांनी बिलात सेवेचा आकार परस्पर घालू नये, असे ठरविले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. म्हणजे ह्यापुढे आपल्याकडेही खुशी ही खरोखर खुशीचीच राहावयाची आहे.

देण्याची रीत

किती द्यावे हे वर सांगितले. पण त्याहून महत्त्वाचे आहे ते कसे द्यावे. ह्या बाबतीत इटालियन मनुष्य मोठा मानी आहे. दुकानात शिरताना ‘बोंजोर्नो’ म्हणून नमस्कार न करणारा, वाढप्यास चुटकी वाजवून किंवा ‘शुक शुक’ करून बोलाविणारा प्रवासी मागाहून दहा युरो देऊन गेला तरी त्याची गणना असभ्यांतच होते. आणि नमस्कार करून, नीट पाहून, ‘ग्रात्सिये’ म्हणून गेलेल्याने एक नाणेही ठेवले नाही तरी त्याच्याविषयी कोणी वावगे बोलत नाही. दक्षिणेवरचे तुळशीपत्र ते हेच. तेवढे विसरले तर उरते ते नुसते नाणे.

आपल्याकडे ह्याचा उत्तम नमुना बिदागीचा आहे. ज्या कोल्हापुरास अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे ऐकावयास मिळाले, त्या गावास बिदागी कशी द्यावी हे शिकविण्याची आवश्यकता नाही. ती पाकिटात घालून, श्रीफळासह, दोन्ही हातांनी, थोडे वाकून द्यावयाची. आकडा कोणास कळू द्यावयाचा नाही. देणारा वाकतो, कारण कलावंताने दिलेले ह्या पैशांनी फिटत नाही, हे तो जाणतो. दौलतजाद्यात ह्याच्या उलट देणारा ताठ आणि घेणारा वाकलेला असतो. परदेशात चारचौघांदेखत नोट फडकावून, मोठ्याने रक्कम बोलून बक्षिसी देणारे काही महाभाग असतात. त्यांनी दिले ते दौलतजाद्यातच मोडते. बक्षिसी द्यावयाची तर ती बिदागीसारखी द्यावी.

घरचा हिशेब

येथवर वाचून आमच्या एखाद्या चतुर वाचकभगिनी म्हणतील, ‘फ्लॉरेन्सच्या बाईच्या उशाशी चिठी ठेवावयास सांगता, आणि आपल्या घरच्या मोलकरणीचे काय?’ प्रश्न रास्त आहे, आणि ह्या लेखाचा खरा शेवट तोच.

वर सांगितलेली तीन प्रमाणे घरी लावून पाहिली तर काय दिसते? पुष्कळ घरांत मोल आणि खुशी ह्यांची सरमिसळ झालेली आढळते. महिन्याचा पगार ओढून-ताणून ठरवावयाचा; आणि सणाला जुने पातळ, उरलेले पक्वान्न, दिवाळीची पोस्त असे देऊन आपण उदार आहो असे समाधान मानावयाचे. उरलेले अन्न हे पगाराच्या ऐवजी धरले की ते मोलही नव्हे आणि खुशीही नव्हे. पाहुणे आले, भांडी दुप्पट पडली, तर तो जादा कामाचा पैसा हे मोल आहे. तो मागितल्यावर ‘आम्ही तुला दिवाळीस एवढे दिले’ असे ऐकविणे म्हणजे खुशीचे नाव सांगून मोल बुडविणे होय. ज्या देशातील वाढप्यास तेरावा पगार कराराने मिळतो, त्या देशात बक्षिसी हलकीफुलकी राहते, ह्याचे मर्म येथेच आहे. आधी मोल पुरते चुकते झाले म्हणजे मग खुशीस खरी गोडी येते, आणि मानास तर पैसाही पडत नाही. नावाने हाक मारणे, आजारी असता चौकशी करणे, पोस्त देताना ती दारातून फेकल्यासारखी न देता पाकिटात घालून सुनेच्या किंवा नातवाच्या हातून सन्मानाने देणे, ह्यास खर्च तो काय? शिवाय ज्या घरातील मुले हे रोज पाहतात, त्यांना परदेशी जाताना बक्षिसीचे निराळे धडे द्यावे लागणार नाहीत.

असो. फ्लॉरेन्सला जाणाऱ्या आमच्या वाचकांनी चार सुटी नाणी, दोन इटालियन शब्द आणि बिल वाचण्याचा धीर एवढे बरोबर न्यावे. सवड काढून कास्चिनेच्या टोकाशी, नद्यांच्या संगमावरही जाऊन यावे. तेथे कोणी तिकीट मागत नाही आणि बक्षिसीही मागत नाही. दीडशे वर्षांपूर्वी त्या शहराने कोल्हापूरच्या एका तरुण पाहुण्यास जो मान दिला, तो त्याच्या गावच्या माणसांनी तेथील वाढप्यास, हमालास आणि खोली आवरणाऱ्या बाईस थोडाथोडा परत द्यावा, एवढीच आमची विनंती आहे.